शेवट माहीत असलेली गोष्ट

किंडलचा सगळ्यात मोठा फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही. शेजारच्याला पुस्तकाचं कव्हर दिसत नाही.

कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या पावसाळ्यात मी सलग चार दिवस एक कादंबरी वाचत होतो. एरवी मी बसमध्ये झोपतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्यानं न राहवून विचारलं, "काय वाचतोयस एवढं?" मी म्हणालो, "डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सवर आहे एक." तो "बरं" म्हणाला, कानात इअरफोन घातले आणि झोपला.

मी वाचत होतो एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची 'बीच रीड'. २०२० च्या मे महिन्यात आलेली रोमान्स कादंबरी. छापील प्रतीचं कव्हर पिवळंधमक आहे आणि त्यावर वाळूत पहुडलेले दोघं आहेत. ती प्रत हातात असती तर मी ती बसमध्ये उघडलीच नसती.

ही थाप मी का मारली, हा प्रश्न नंतर बरेच दिवस डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधायला लागलो तर ते त्याच कादंबरीत सापडलं. म्हणून हा लेख. (पुढे कथानक बऱ्यापैकी उघड केलं आहे. पण रोमान्स कादंबरीत शेवटी काय होणार हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे. तो मुद्दा पुढे येईलच.)

दोन घरं, दोन खिडक्या

जानेवारी अँड्र्यूज एकोणतीस वर्षांची आहे आणि प्रेमकथा लिहून पोट भरते. तिचे वडील अचानक जातात. अंत्यविधीच्या दिवशी तिला कळतं की त्यांचं दुसऱ्या एका बाईशी प्रेमप्रकरण होतं आणि मिशिगन सरोवराच्या काठी एका लहानशा गावात त्यांचं एक घरही होतं. ते घर आता तिच्या वाट्याला आलेलं. आई या विषयावर तोंड उघडत नाही. प्रियकर सोडून गेला आहे, पैसे संपत आले आहेत आणि उन्हाळा संपेपर्यंत प्रकाशकाला नवी कादंबरी द्यायची आहे. आईवडिलांच्या संसाराकडे बघून जिनं प्रेमावर विश्वास ठेवला, तो विश्वास उडाल्यावर तिनं आता प्रेमकथा लिहायची. ती त्या घरात राहायला येते, सामान विकून टाकायला आणि जमलंच तर लिहायला.

शेजारच्या घरात राहतो ऑगस्टस एव्हरेट, म्हणजे गस. हा 'गंभीर' लेखक, समीक्षकांचा लाडका. याच्या पुस्तकांत कुणाचं भलं होत नाही. दोघं कॉलेजात लेखनाच्या वर्गात एकत्र होते. तुझ्या गोष्टीत पुन्हा सगळ्यांचं गोड होणार, अशा अर्थाचा एक टोमणा त्यानं तिला तेव्हा मारला होता आणि तो तिनं इतकी वर्षं जपून ठेवला आहे. आपण सगळेच असे एक-दोन टोमणे जपून ठेवतो.

त्याचंही लेखन अडलं आहे. मग पैज लागते. उन्हाळाभर त्यानं सुखान्त प्रेमकथा लिहायची आणि तिनं गंभीर कादंबरी. त्यासाठी एकमेकांना आपापला धंदा शिकवायचा. तो तिला एका पंथातून वाचलेल्या माणसांच्या मुलाखतींना घेऊन जातो. ती त्याला जत्रेत नेते, नाचायला नेते, गाडीत बसून बघायच्या उघड्यावरच्या सिनेमाला नेते. बाकी दिवस दोघं आपापल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसतात. खिडक्या समोरासमोर आहेत. काही सांगायचं झालं तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेसमोर धरतात.

एवढंच कथानक. मी हे मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पहिल्या पानावर कळतंय की काय होणार." कळतंय. मला पाचव्या पानावर कळलं होतं. तरी मी चार दिवस बसमध्ये झोपलो नाही.

चुंबकाचे तुकडे

'विरुद्ध स्वभावाची माणसं एकमेकांकडे ओढली जातात' हा रोमान्सचा जुना साचा. ती हसरी, तो घुम्या. ती पसारा करणारी, तो टापटिपीचा. बऱ्याच कादंबऱ्या एवढ्यावरच थांबतात. शंभर पानं खटके उडवायचे आणि मग एकदम ओढ दाखवायची. ओढ का, तर विरुद्ध आहेत म्हणून. चुंबकाचं कसं असतं, तसं.

पण चुंबकाची एक गोष्ट शाळेत शिकवतात ती आपण विसरतो. त्याचे दोन तुकडे केले तर एका तुकड्यात नुसतं उत्तर टोक आणि दुसऱ्यात नुसतं दक्षिण असं होत नाही. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकं असतात.

'बीच रीड' आवडण्याचं पहिलं कारण हे आहे. हेन्रीनं दोघांना विरुद्ध म्हणून उभं केलं आणि मग हळूहळू दाखवलं की ते तसे नाहीत. जानेवारीची आई तिच्या लहानपणापासून कॅन्सरशी झुंजत आली. आजार गेला, परत आला. घरात सगळे हसत राहायचे, वडील आईला स्वयंपाकघरात नाचवायचे. सगळं ठीक होईल, हे त्या मुलीला ठरवूनच टाकावं लागलं, कारण नाहीतर रात्री झोप लागली नसती. गसच्या घरी बापाची मारहाण होती. तिथं आशा धरणं महाग पडायचं. काही चांगलं होणार असं वाटलं की पुढचा फटका जास्त लागायचा. म्हणून त्यानं आशा न धरायची सवय लावून घेतली.

दोघांपुढचा प्रश्न एकच होता. घरात जे चाललंय ते माझ्या हातात नाही, तर मी जगू कसं? तिनं एक उत्तर काढलं, त्यानं दुसरं. मोठेपणी दोघांनी त्या उत्तरांनाच 'साहित्याबद्दलची भूमिका' असं नाव दिलं. ती म्हणते, वाचकाला उभारी द्यायला हवी. तो म्हणतो, वाचकाशी खोटं बोलू नये. दोघंही वाद साहित्याचा घालतात आणि बोलतात मात्र आपापल्या घराबद्दल.

हे लक्षात आल्यावर मी सोशल मीडियावर पाहिलेली कित्येक भांडणं मला वेगळी दिसायला लागली. पण ते राहू दे.

मंद आच

दुसरं कारण म्हणजे कादंबरीची चाल. याला इंग्रजीत 'स्लो बर्न' म्हणतात. आपल्याकडे मंद आचेवर शिजवणं म्हणता येईल. नायक-नायिका जवळ यायला भरपूर वेळ घेतात आणि तो वेळ वाचकाला हवाहवासा वाटतो.

हा प्रकार वाईट लिहिणं फार सोपं आहे. एकदा फोन लागत नाही, एकदा गैरसमज होतो, एकदा तिसरं माणूस दार वाजवतं. लेखिका नुसता ब्रेक दाबून बसलेली असते आणि आपल्याला ते कळत असतं. चांगल्या स्लो बर्नमध्ये उशीर होतो त्याला कारण असतं. दोघांनी एकमेकांबद्दल आधी एक मत बनवलेलं असतं आणि ते मत पुसून नवं लिहायला खरोखरच तेवढा वेळ लागतो.

या प्रकाराची आजी म्हणजे जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३ सालची. त्या कादंबरीत एकसष्ट प्रकरणं आहेत. डार्सी पहिल्यांदा लग्नाचं विचारतो ते चौतिसाव्या प्रकरणात, आणि एलिझाबेथ त्याला साफ नकार देते. पुढच्या प्रकरणात त्याचं लांबलचक पत्र तिच्या हातात पडतं. ते ती परत परत वाचते आणि हळूहळू तिला कळतं की आपण या माणसाला चुकीचं वाचलं होतं. प्रेम तिथं दुसऱ्या वाचनात सुरू होतं.

'बीच रीड' त्याच वाटेनं जाते. फरक इतकाच की इथं दोघंही लेखक आहेत, म्हणजे वाचणं हा दोघांचा व्यवसायच आहे, आणि तरी दोघांनी एकमेकांना चुकीचं वाचलं आहे. कॉलेजातल्या त्या दिवसांची गसच्या बाजूची आठवण वेगळीच निघते. ती कळते तेव्हा जानेवारीला तिच्या मनातली इतक्या वर्षांची गोष्ट नव्यानं लिहावी लागते. खिडकीतले ते कागदही मला म्हणूनच आवडले. दोघांकडे फोन आहेत. मेसेज एका सेकंदात गेला असता. पण कागदावर लिहायचं म्हणजे थोडक्यात लिहावं लागतं, मग धरून उभं राहावं लागतं आणि समोरचा वाचतोय का ते बघावं लागतं. समोरचं माणूस वाचताना कसं दिसतं हे मेसेजमध्ये कळत नाही.

माझं एका विवाहविषयक साइटवर प्रोफाइल आहे. घरच्यांनी काढलंय, फोटो मी निवडलाय. त्यात आवडीनिवडींचे रकाने आहेत आणि फिल्टर आहेत. मी रोज सिस्टिम्स बांधतो, त्यामुळे फिल्टर का लागतो हे मला नीट माहीत आहे. हजारो नोंदी एका माणसाला बघणं शक्य नसतं. पण हेही माहीत आहे की जानेवारीनं 'आवडतं वाचन' या रकान्यात फिल्टर लावला असता तर गस तिला कधीच दिसला नसता. आणि गसनं तर पहिल्या झटक्यातच तिला डावलली असती, कव्हर बघून. मी बसमध्ये कव्हर लपवलं ते कुणासाठी, तर अशाच गससाठी. गंमत म्हणजे तो गस मीच होतो.

कोल्हापूरचं जुनं भांडण

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाळेच्या सहलीत शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकरांचं संग्रहालय दाखवतात. तेव्हा ते बघून काही कळलं नव्हतं. ही कादंबरी वाचताना मात्र सारखी खांडेकर आणि फडक्यांची आठवण येत राहिली.

मराठीत गेल्या शतकात एक प्रसिद्ध वाद झाला, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. ना. सी. फडके एका बाजूला. कादंबरीचं तंत्र, रचना, वाचकाला गुंगवून ठेवण्याची कला यांवर त्यांचा भर. १९३१ मध्ये त्यांनी 'प्रतिभासाधन' हे लेखनतंत्रावरचं पुस्तकच लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांतले देखणे प्राध्यापक, टेनिस आणि गुलाबी प्रेम यांची पुढे भरपूर टिंगल झाली. खांडेकर दुसऱ्या बाजूला. ध्येयवाद, समाज, दुःखितांविषयीची कणव. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके होते आणि लगेच १९४१ साली सोलापूरच्या संमेलनाचे खांडेकर. काही वर्षं तर दोघंही एकाच गावात, कोल्हापुरात होते. फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे आणि खांडेकर सिनेमासाठी लिहायचे. त्यांच्या खिडक्या समोरासमोर नव्हत्या, एवढंच.

पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं. फडके वाचनालयांच्या कपाटात राहिले, आणि त्यांच्या मागून त्या कपाटात आल्या योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे. प्रत्येकीचं लेखन वेगळं, पण शिक्का एकच बसला, 'लायब्ररीतल्या कादंबऱ्या'. 'बीच रीड' या शब्दांचा अर्थही तोच आहे. सुट्टीत किनाऱ्यावर लोळत वाचायचं आणि विसरून जायचं. हेन्रीनं तो शिक्का स्वतःच उचलून कव्हरवर मारला आणि आत बापाच्या मृत्यूची, त्याच्या खोटेपणाची आणि त्याला माफ करता येतं का याची गोष्ट लिहिली.

त्या कपाटातल्या कादंबऱ्या आमच्या घरी यायच्या. आई आणायची.

मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर कुणीतरी 'कोसला' दिली होती आणि त्या वयात 'कोसला' वाचलेल्या मुलाचं जे होतं ते माझं झालं होतं. मला सगळंच भंपक वाटायला लागलं होतं. दिवाळीला घरी आलो तर आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक फाटक्या बांधणीची कादंबरी वाचत होती. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आणलेली. मी म्हणालो, "काय वाचायलीयस हे? शेवट तर सगळ्यांना माहीत असतो."

आईनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "दिवसभरात एवढ्या एकाच गोष्टीचा शेवट मला माहीत असतोय."

मी हसलो. मला ते विनोदी उत्तर वाटलं.

त्या वर्षी आमची आजी अंथरुणाला खिळलेली होती. आतल्या खोलीत. आई तिला दोन वेळा पुसून काढायची, कूस बदलायची, भरवायची, रात्री तीनदा उठायची. बाबांची ड्यूटी पाळ्यांची. डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही, महिना जाईल, वर्षही जाईल. हे सगळं मला माहीत होतं, कारण मी त्याच घरात होतो. पण आईच्या उत्तराशी ते जोडायला मला आठ-नऊ वर्षं आणि मिशिगनमधल्या एका काल्पनिक बाईची मदत लागली.

सुखान्ताची किंमत

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्या केली आहे. तिच्यात अटी दोनच. मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा देणारा हवा. दुसऱ्या अटीवरूनच लोक नाक मुरडतात. शेवट ठरलेला असेल तर त्यात साहित्य कुठलं?

पण शोकान्त नाटकात नायक मरणार हेही ठरलेलंच असतं आणि तिथं कुणी तक्रार करत नाही. ठरलेल्या दुःखाला आपण नियती म्हणतो आणि ठरलेल्या सुखाला फॉर्म्युला. असं का, याचं चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

'बीच रीड' या प्रश्नाला भाषणानं उत्तर देत नाही. ती एक प्रसंग उभा करते. जानेवारीनं आयुष्यभर ज्या प्रेमकथेवर विश्वास ठेवला ती तिच्या आईवडिलांची होती, आणि तिच्यात खोट निघाली. मग ती कथा खोटी का? वडील मध्ये दुसऱ्या बाईत गुंतले, परत आले, आईनं सगळं जाणून संसार पुढे चालवला. स्वयंपाकघरातला तो नाच खोटा होता की आणखी अवघड होता? कादंबरीच्या शेवटाकडे वडिलांनी लिहून ठेवलेली पत्रं जानेवारीच्या हाती लागतात. ती वाचून सगळं माफ होत नाही. पण बाप म्हणजे एक तर देवमाणूस नाहीतर लबाड, अशी दोनच उत्तरं तिच्यापाशी होती, त्यात तिसरं शक्य होतं. तिथून पुढे तिचा स्वतःचा सुखान्त मला पटला. तो भोळेपणातून आलेला नव्हता. काय काय बिघडू शकतं हे बघून झाल्यावर तिनं तो निवडला होता.

कादंबरी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पंथातून वाचलेल्या माणसांचा धागा मला खटकला. ज्यांनी माणसं गमावली ते लोक मुलाखत देतात, रडतात, आणि त्यातून आपल्या हाती काय येतं, तर परतीच्या गाडीत नायक-नायिका आणखी जवळ येतात. त्यांचं दुःख जणू या दोघांच्या प्रेमाला सरपण म्हणून आणलं आहे. गंभीर साहित्य म्हणजे भयानक विषय, ही गसची समजूत तपासायची होती, तर इथं ती तपासली जात नाही, नुसती वापरली जाते. शेवटच्या टप्प्यात गसची पूर्वीची बायको ऐनवेळी उगवते, तिथंही लेखिकेचा ब्रेकवरचा पाय दिसतो. इतका वेळ दोघांमधला अडथळा आतला होता, तो एकदम बाहेरून आणावा लागला. आणि ही सगळी गोष्ट फक्त जानेवारीच्या तोंडून येते, त्यामुळे गसचं मन आपल्याला बरंचसं त्याच्या कबुलीजबाबांतूनच कळतं. काही ठिकाणी तो माणसापेक्षा बक्षीस जास्त वाटतो.

पण हे दोष मी दुसऱ्या वाचनात मोजले. पहिल्या वाचनात मी दोनदा माझा स्टॉप चुकवला.

चौथ्या दिवशी, पुस्तक संपलं त्या रात्री, मी आईला फोन केला. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोपऱ्यावरचं वाचनालयही बंद झालं, तिथं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आई हल्ली फोनवर मालिका बघते. म्हणते, पुस्तकाचं अक्षर बारीक दिसतंय. इंग्रजी ती सावकाश वाचते, कादंबरी वाचण्याएवढी नाही.

मी म्हणालो, "आई, एक कादंबरी वाचली. प्रेमाची आहे."

"तू?" ती म्हणाली आणि मनसोक्त हसली. तिचा तो हक्कच होता.

मग मी तिला दिवाळीच्या त्या प्रसंगाची आठवण करून दिली आणि म्हणालो, की तेव्हा मी चुकीचं बोललो होतो. तिला तो प्रसंग अजिबात आठवत नव्हता. मी नऊ वर्षांनी माफी मागितली आणि ती म्हणाली, "असेल बाबा. जेवलास काय?"

जेवलो होतो. मग तिनं विचारलं, "त्या कादंबरीचा शेवट चांगला हाय न्हवं?"

"हो."

"मग सांग आता पहिल्यापासून."

रोज रात्री थोडी थोडी करत सांगतोय. काल गस आणि जानेवारी जत्रेत पोचले. आईला गस अजून पसंत नाही. मी तिला म्हटलं, थांब जरा, वेळ लागतो.